आप्पांच्या वहीतलं पान

बर्मिंगहॅम, रविवार

ती. सौ. वहिनींस सा. न.

आप्पांच्या वहीचा फोटो मिळाला. सांगलीच्या यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते ते, आकडा कसा छापल्यासारखा! या पानावर ओळ खाली घसरत गेलीय, मंगळवार दोनदा, दुधाची बेरीज अर्धीच. दादा म्हणतो, मुद्दाम करतात. नाही हो. हे लिव्हरचं दुखणं आहे.

आतड्यात अमोनिया तयार होतो. धडधाकट लिव्हर त्याचा युरिया करतं, तो लघवीवाटे जातो. आप्पांच्या लिव्हरला सिरॉसिस झालाय, म्हणजे ते कडक होऊन नीट काम करत नाही, त्यामुळे अमोनिया तसाच रक्तातून मेंदूत पोचतो आणि तिथल्या पेशी फुगतात. म्हणून दिवसभर पेंग, आणि रात्री दोनला "गाडी आली, पोती उतरवा!" एस.टी.ला हात करतो तसे दोन्ही पंजे उभे धरायला सांगा त्यांना. पंजे फडफडले, तर तीही याचीच खूण. आमच्या वॉर्डात तर मिनिटभरात प्राण्यांची नावं सांगायला लावतात. दहाही आली नाहीत की आम्ही सावध होतो.

आता रागावू नका. ते गोड पातळ औषध, लॅक्टुलोज, तुम्ही बंद केलंत. सारखी धोतरं धुवायची म्हणजे काय, ते मला कळतं. पण दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच व्हावी, हेच त्याचं काम. पोट तुंबलं की अमोनिया वाढलाच. आजच डॉक्टरांना दाखवून सुरू करा. पाण्यासारखं व्हायला लागलं तर डोस कमी करायचा का, तेही त्यांनाच विचारा. आणि मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी त्यांना विचारल्याशिवाय अजिबात नको, तिनं गुंगी आणखी वाढते.

आमटी कुणाच्या सांगण्यावरून तोडलीत? पूर्वी डॉक्टरही तोडायचे, आता नाही. डाळीतल्या प्रथिनांनी अंगावरचं मांस टिकतं, आणि तेही थोडा अमोनिया जिरवतं, ते झडलं तर उलट नुकसान. रात्री निजताना थोडी दूध-भाकरी द्या.

काळी शौच, रक्ताची उलटी, ताप, किंवा हाक मारून डोळे उघडले नाहीत, तर सकाळची वाट बघू नका. गाडी काढून थेट मिरजेच्या हॉस्पिटलात.

परवा फोनवर मला म्हणाले, "कोण गावचे पाव्हणं?" मी म्हटलं, सांगलीचाच.

त्यांना रोज सकाळी वार आणि दुधाचा हिशोब लिहायला लावा, फोटो पाठवा. रात्रपाळी सुटली की आधी तेवढंच बघेन.

तुमचा,
बाळू