सह्याद्रीत दर्या कुठून आला, हे विचारल्याबद्दल

नमस्कार,

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आपल्या संगणकावरच्या मराठी शुद्धलेखन-तपासनिसाच्या तक्रारी बगझिला या जुन्या तक्रारवहीतून (ट्रॅकरमधून) गिटलॅब या नव्या ट्रॅकरवर नेताना तुम्ही जे केलंत, ते चारचौघांत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुमच्या आधी दोघांनी हे काम अंगावर घेतलं होतं. एकानं ‘इतक्या जुन्या तक्रारी कोण बघतंय’ म्हणत दोन वर्षांपूर्वीचं सगळं सरसकट बंद करून टाकलं. चुका होत्या तिथंच राहिल्या, फक्त तक्रारी गेल्या. दुसऱ्यानं तक्रारी आपोआप हलवणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) चालवली, ‘झालं’ म्हणून अंगठ्याची इमोजी टाकली आणि नंतर खरोखरच अंगठा दाखवला.

मग तुम्ही आलात. ‘मराठी वाचतो, लिहायला गेलो की कोंकणी होतं, चालेल ना?’ अहो, पळेल!

चौथ्या दिवशी तुमचा एका ओळीचा निरोप आला: ‘या तक्रारीत सह्याद्रीत दर्या कुठून आला?’

तक्रार एका निवृत्त शिक्षिकेची. ‘सह्याद्रीतील दऱ्या’ लिहिलं की खाली लाल रेघ येते, एवढंच त्यांचं म्हणणं. नव्या ट्रॅकरवर मात्र त्याचं ‘सह्याद्रीतील दर्या’ झालं होतं. बाईंनी तो शब्द जुन्या पद्धतीनं, र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक (युनिकोडमधला यू+२००डी) घालून टंकला होता. आपल्या शब्दसूचीत होता फक्त ‘ऱ’वाला. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला निराळे. मूळ चूक तीच. आणि स्क्रिप्टनं ‘अदृश्य कचरा’ म्हणून नेमका तो जोडकच झाडून टाकला होता. म्हणजे तक्रार पोचली, पण तिचा जीव वाटेतच गेला. आमच्या आधीच्या पंडितांनी त्याखाली शेरा मारला होता: ‘शब्द बरोबर आहे, रेघ येत नाही. बंद.’

हजारभर नोंदींत तो एक शब्द तुम्हाला खटकला, कारण तुमच्याकडे दर्या म्हणजे समुद्र. तुम्ही ती तक्रार नुसती हलवली नाहीत, वाचलीत. मग जुन्या बॅकअपवरून सगळं पुन्हा चालवलंत, कुणी सांगितलं नसताना.

नव्या जागी तक्रारींना कोणते क्रमांक द्यायचे, यावरून आमच्यात भांडण पेटलं, तेव्हाही तुम्ही आवाज चढवला नाहीत. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियानं २०१४ मध्ये बगझिला सोडून फॅब्रिकेटर या दुसऱ्या ट्रॅकरवर जाताना प्रत्येक जुन्या क्रमांकात २००० मिळवले होते, एवढं सांगितलंत. आपणही तसंच केलं, आणि जुन्या पत्रांतले क्रमांक आजही लागतात.

फुकटच्या कामात कुणी इतकं बारीक बघायचं काही कारण नसतं. पैसे घेऊनही लोक बघत नाहीत, हे मी नोकरीत रोज पाहतो. तुमच्यासारखी माणसं असतात म्हणून असले प्रकल्प तगतात, बाकी आम्ही नुसते वाद घालणारे.

बाईंना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, ‘रेघ गेली. कळावे.’ त्यांच्याकडून एवढं म्हणजे शाबासकीच.

पावसाळ्यात इकडे या. ताम्हिणीतल्या दऱ्या मी दाखवतो. दर्या तुमच्याकडचा, तो हिवाळ्यात बघू.

तुमचा,
जुन्या बगझिलाचा राखणदार