बाबा, त्या गाण्याचा शेवट ऐकायला चला

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे बोलायला गेले की माझा आवाज जातो आणि आई तू लगेच "बरं ते राहू दे, झोप होतेय ना नीट?" वर येतेस, म्हणून शेवटी लिहायलाच बसले.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "तुझ्या त्या बँडचा कार्यक्रम आहे म्हणे, मला नेशील का?" मी हो हो म्हणून फोन ठेवला आणि नंतर कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. शाळेत असल्यापासून या गाण्यांबद्दल तुमच्या तोंडून मी एकच शब्द ऐकलाय, धिंगाणा. आणि आता तुम्हाला त्या तिसऱ्या गाण्याचा शेवट ऐकायचाय!

आई, तुला हे माहीतच नसेल कदाचित, तू बाहेर बाकावर बसलेली असायचीस. बाबांच्या कॅन्सरच्या रेडिएशनच्या पहिल्या दिवशी टेक्निशियनने त्यांना विचारलं होतं, आत कुठली गाणी लावू? चेहऱ्यावर तो जाळीचा मास्क, खांद्यापर्यंत टेबलाला क्लिपांनी घट्ट बसवलेला, गिळायचं म्हटलं तरी हनुवटी त्याला टेकते, आणि अशा माणसाने काय सांगावं, तर "मुलीच्या फोनमधलं काहीतरी लावा". मी घाबरत घाबरत माझी प्लेलिस्ट दिली. पस्तीस सिटिंग, रोज तीच प्लेलिस्ट पहिल्यापासून सुरू, दोन गाणी पूर्ण आणि तिसऱ्यात गिटारचा सोलो चढायला लागला की मशीन बंद, दार उघडणार, मास्क निघणार. सात आठवडे तुम्ही तो सोलो अर्धाच ऐकलात. घरी कधीही पूर्ण ऐकता आला असता, पण तुम्ही मुद्दाम ऐकला नाहीत हे मला परवा कळलं.

आता जे खरं सांगायचंय ते सांगते. पाचव्या आठवड्यात मी कॉन्सर्टला गेले होते ना, त्या रात्रीबद्दल. तिकीट सहा महिने आधीचं होतं, तेव्हा कुणाला काय माहीत होतं. तुमचं तोंड आतून सोलून निघालेलं, नाकातून पोटात गेलेली राइल्स ट्यूब, पाण्याचा घोट म्हणजे शिक्षा, आणि मी काळा टीशर्ट घालून दारात उभी. आई तू अक्षरशः ढकलून बाहेर काढलंस मला. गेले. पण पुढे बॅरिकेडपाशी नाही गेले, मागे साउंड कन्सोलच्या शेजारी उभी राहिले, एकतर तिथे आवाज सगळ्यात चांगला येतो आणि दुसरं म्हणजे तिथून पटकन बाहेर पडता येतं. फोन व्हायब्रेटवर ठेवून मुठीत घट्ट धरलेला. आणि काय व्हायचं माहितीये, बेस सुरू झाला की जमीन, कठडा, छाती, सगळंच थरथरतं, त्यात फोनही थरथरतो, मला वाटायचं आईचाच फोन, बघायचे तर काही नाही. दर मिनिटाला तेच. पहिला पाऊण तास मी गाणी ऐकलीच नाहीत, नुसती स्क्रीन बघत होते.

मग त्यांनी ते लांबलचक गाणं सुरू केलं. आधी दिवे पूर्ण बंद, फक्त अँपची घूं घूं, मग एकट्या ड्रमचा ठोका, हजारो माणसं एकदम गप्प. कधी ते मला आठवत नाही पण हात खाली गेला. गाणं संपल्यावर फोन बघितला तर अकरा मिनिटं झाली होती. अकरा मिनिटं मी तुम्हाला विसरले होते बाबा. पूर्णपणे. कॅन्सर हा शब्दच डोक्यात नव्हता. आणि ते लक्षात आल्यावर जी रडले ती एन्कोर होईपर्यंत, शेजारचा अनोळखी माणूस काही बोलला नाही, जरा सरकला आणि कठड्याला टेकायला जागा दिली. स्क्रीनवर आईचा मेसेज होता, "झोपलेत. तू ऐक."

दीड वर्ष हे मनात घेऊन फिरतेय. असं वाटायचं की मी लक्ष काढून घेतलं त्या अकरा मिनिटांत काही झालं असतं तर. पण हेही खरं की दुसऱ्या दिवशी सकाळी ट्यूबमधून फीड देताना माझा हात पहिल्यांदा थरथरला नाही, आणि पुढचे दोन आठवडे मी कशाच्या जोरावर काढले म्हणाल तर त्याच अकरा मिनिटांच्या.

आणि मला आत्या आठवली. बाबा, तुम्ही तिच्याबद्दल बोलत नाही, मला कळतं, धाकटी बहीण होती तुमची. पण मला पहिल्या कॉन्सर्टला तिनेच नेलं होतं, सोळाव्या वर्षी, तुम्हाला खोटं सांगून. तिला ग्लायोब्लास्टोमा निघाला त्याच सुमाराला कॅनडातल्या ट्रॅजिकली हिप बँडचा गायक गॉर्ड डाउनी यालाही तोच निघाला होता, मेंदूतला तोच ट्यूमर, मे 2016 मध्ये त्यांनी जाहीर केलं आणि तरी त्या उन्हाळ्यात दौरा केला. 20 ऑगस्टला किंग्स्टनला, त्यांच्या स्वतःच्या गावी, शेवटचा कॉन्सर्ट झाला, टीव्हीवर आणि नेटवर एक कोटीच्या वर लोकांनी बघितला म्हणतात. त्याची रेकॉर्डिंग आत्या आणि मी तिच्या पलंगावर बसून बघितली. स्वतःच लिहिलेले शब्द त्याला आठवत नव्हते म्हणून स्टेजवर समोर पडदे लावलेले, त्यावर ओळी येत होत्या. आत्याचीही वाक्यं तेव्हा मधेच तुटायला लागली होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा वाचून म्हणतोय गं. म्हणतोय पण." तो ऑक्टोबर 2017 ला गेला, आत्या त्याच्या चार महिने आधी.

तेव्हा लोक येऊन विल्को जॉन्सनसारख्या गोष्टी सांगायचे, त्या गिटारिस्टला स्वादुपिंडाचा कॅन्सर, थोडेच महिने उरलेत सांगितलं, त्याने 2013 मध्ये निरोपाचे कॉन्सर्ट केले आणि 2014 मध्ये ऑपरेशन करून तीन किलोची गाठ काढली, 2022 पर्यंत जगला. खरी गोष्ट आहे ती. पण त्याचा ट्यूमर वेगळ्या, हळू वाढणाऱ्या जातीचा निघाला होता, हा भाग कुणी सांगत नाही. ज्यांचा तसा नसतो त्यांच्या घरात बसून अशा गोष्टी सांगू नयेत, मला तेव्हा फार राग यायचा, अजून येतो. तुमच्या वेळी मी म्हणूनच फक्त गायक ब्रूस डिकिन्सनचं सांगितलं, कारण त्याची गाठ जिभेवर मागच्या बाजूला होती, तुमच्यासारखंच रेडिएशन आणि किमो एकत्र, मे 2015 ला डॉक्टरांनी सगळं साफ म्हणून सांगितलं आणि 2016 च्या फेब्रुवारीत तो त्याच्या आयर्न मेडन बँडबरोबर परत स्टेजवर. तुम्ही वहीच्या कागदावर लिहिलं होतंत, "आवाज आला का त्याचा परत?" तो कागद माझ्याकडे आहे.

आता कॉन्सर्टचं. बाबा, नीट वाचा. सिस्प्लॅटिनने, म्हणजे किमोतल्या त्या औषधाने, तुमचे कान वरच्या पट्टीत गेलेत, आतल्या कानातल्या त्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. म्हणून तर "सहा" म्हटलं की तुम्हाला "अहा" ऐकू येतं. आणि कॉन्सर्टला 100 डेसिबल सहज असतो, एवढ्या आवाजात धडधाकट कानालाही पंधरा मिनिटांच्या वर सुरक्षित धरत नाहीत. तेव्हा उरलंय ते जपायचं. इयरप्लग पाठवतेय, ते फोमवाले घालू नका, त्याने वरचे सूर आणखी दबतात, हे फिल्टरवाले आहेत, सगळाच आवाज सारखा खाली आणतात. घालून दोन दिवस घरात टीव्ही बघा, सवय होईल. त्याआधी एकदा ऑडिओग्राम, म्हणजे कानाची तपासणी, करून घ्या, मी अपॉइंटमेंट घेते. सिंबल, म्हणजे ड्रमबरोबरच्या झांजा, तुम्हाला फारसे ऐकू येणार नाहीत हे आधीच सांगते, वाईट वाटून घेऊ नका. बेस आणि ड्रम मात्र छातीत ऐकू येतील, त्याला कान लागत नाहीत. तोंड कोरडं पडतं म्हणून पाण्याची बाटली आत न्यायची परवानगी मी मेल करून मागितली, डॉक्टरांचं पत्र जोडलं, मिळाली. सीट बसायच्या घेतल्यात, कडेच्या, दाराजवळच्या.

आणि आई, तिकिटं दोन नाहीत, तीन आहेत. तू नको म्हणशील. पण मी विचार करत होते की त्या सात आठवड्यांत तुला अकरा मिनिटं कधी मिळाली? मला आठवत नाही. मी आणि बाबा कॉन्सर्टला गेलो असतानाचे तीन तास तुला घरी एकटीला हवे असतील तर तसं सांग, मी अजिबात आग्रह करणार नाही, तो वेळ तुझा. पण यावंसं वाटलं तर माझ्या आणि बाबांच्या मधली सीट तुझी आहे, आणि त्या रात्री बाबांच्या गोळ्या, बाटली, फोन, सगळं माझ्याकडे. तू काही बघायचं नाहीस. मेसेज मी करेन तुला, "तू ऐक."

ते गाणं ते सहसा शेवटाकडे घेतात, त्यामुळे मधेच दमलात तर बाहेर जाऊन बसू आणि वेळेवर परत आत येऊ. सोलो सुरू झाला की मी तुमचा हात धरीन बाबा, या वेळी दार उघडणार नाही.

अजून एक. आत्याचं ते काळं टीशर्ट तुम्ही कपाटाच्या वरच्या खणात ठेवलंय हे मला माहितीये, गेल्या वेळी ब्लँकेट काढताना दिसलं, मी काही बोलले नाही. ती कायम दोन साइझ मोठं घ्यायची. तुमचं वजन अजून पूर्ण भरून आलेलं नाही, बहुतेक बसेल तुम्हाला. घालून बघा आणि आईला फोटो काढायला सांगा.

तुमची,
ताई