अशिलांची यादीही जाहीर करा

कंपन्यांची वकिली सोडून राजकारणात उतरणाऱ्या वकिलाची बातमी वाचली. स्वागत आहे, उजनी-सोलापूर समांतर जलवाहिनीसारख्या कामाच्या निविदेतली बारीक कलमे वाचू शकणारी माणसे सभागृहात हवीतच. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर उमेदवाराला उत्पन्नाचे स्रोत सांगावे लागतात, अशिलांची नावे नाहीत. त्याच वर्षी न्यायालयाने आमदार-खासदारांना वकिली करण्यापासून रोखण्यास नकार दिला. म्हणजे जुन्या (किंवा चालू) अशिलाच्या हिताच्या विधेयकावर मत देण्याची वेळ येऊ शकते. गोपनीय सल्ला उघड करा, असे म्हणणे नाही. उघड न्यायालयात ज्या कंपन्यांची बाजू मांडली, त्यांची यादी तरी उमेदवाराने अर्जासोबत द्यावी. चिंचोळी एमआयडीसीतल्या कामगाराला मतदानाआधी ती वाचता आली पाहिजे.

– एक मतदार, सोलापूर