मनू, दारात उभी राहू नकोस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत सांगितलंस, "आई, दिवा स्टेशनच्या बायकांना आज आम्ही लोकलमध्ये चढूच दिलं नाही." बाबा शेजारी होते म्हणून मी गप्प बसले. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणजे तू दारात होतीस. दार अडवायचं तर दारातच उभं राहावं लागतं, हे डोंबिवलीहून नोकरी केलेल्या बाईला कुणी सांगायला नको.

त्या बायकांनी काय करावं गं? २०१५ ला दिव्याचे लोक चिडून रुळांवर उतरले होते, तरी जलद गाडी तिथे थांबायला २०१६ उजाडलं. आता थांबते, तर आधीच भरून आलेली असते. बाहेरची कशीबशी एक पाय आत टाकते, आतली म्हणते "मागून येतेय की दुसरी", आणि गाडी सुटते. मग त्या पायाचं काय होतं? ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडली, त्या दिवशी चार जण गेले. घरून निघताना त्यांनीही डबा घेतला असेल.

व्याख्यान झालं का? चिडू नकोस. तू दमतेस हे मला कळतं. गाडीत शिरल्या शिरल्या "कुठे उतरणार?" विचारायचं, तर ती जागा कुणी तरी आधीच सांगून ठेवलेली असते, तिघींच्या बाकावर चौथ्या सीटसाठी "सरका जरा" म्हटलं की सगळ्या खिडकीबाहेर बघतात. तोंडाला तोंड द्यावंसं वाटतंच. दे. पण दारात नको देऊस.

तुझ्या वेळचा सातवा सरत आला होता. सकाळची जलद, मी दाराशीच अडकलेली, आत जायला वाव नाही. एका बाईने हातातली मेथीची पिशवी पायाशी टाकली, माझ्या दोन्ही बाजूंनी दांडे धरले आणि मागचा सगळा रेटा स्वतःच्या पाठीवर घेतला. ठाण्याआधीचा पारसिकचा बोगदा संपेपर्यंत तिच्या कोपरांच्या आत आपण दोघी होतो. बांगड्या दांड्यावर दाबून तिच्या मनगटावर वळ उठले होते. ठाणं आल्यावर तिने आत आवाज टाकला, "पोटुशी आहे, उठा कुणीतरी." आणि एक कॉलेजातली पोरगी उठली. त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. तुझ्या बारशाला तिची फार आठवण झाली होती, माईआत्याला विचार.

ठाण्याला उतरणाऱ्यांनी दाराशी राहावं, तुला तर सीएसएमटीपर्यंत जायचंय. दोन सीटांच्या मधे हातभर आत सरकलीस तर दिव्याची एक बाई चढते, आणि तूही दारातून लांब होतेस. माझा त्यात स्वार्थ आहे, हो, आहेच.

तुझ्या पगाराचे पेढे बाबांनी साखर विसरून खाल्ले, वर कॉलनीभर वाटले. "फोर्टात आहे आमची मनू," दुधवाल्यालासुद्धा सांगून झालं. विनूबरोबर मेतकूट पाठवतेय.

आठ बावीसऐवजी डोंबिवलीहूनच सुटणारी एखादी गाडी मिळते का बघ. पंधरा मिनिटं लवकर निघावं लागेल, पण आत शिरायला मिळेल. सोमवारपासून कोणती पकडणार ते रविवारी रात्री कळव.

तुझी,
आई