निर्धास्त माणसांच्या शहरातून

कोपनहेगन,
14 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई, बाबा आणि आजी,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलणं होतं, पण गडबडीत मनासारखं काही सांगून होत नाही, आणि आजीला फोनवर निम्मं ऐकूच येत नाही. म्हणून आज लिहायलाच बसले. आई, आजीला हे सावकाश आणि मोठ्यानं वाचून दाखव.

माझी तब्येत उत्तम आहे. थंडीपेक्षा वारा आणि बारीक पाऊस जास्त छळतात. चारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि साडेचारला रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. यजमानांचं घर वाल्बी भागात आहे. बाई शाळेत शिकवतात, त्यांचे पती सुतारकाम करतात. चकल्या त्यांना फार आवडल्या, अनारशांचं मात्र काय करावं ते त्यांना कळेना.

आजी, निघताना तू विचारलं होतंस की आनंद हा काय कॉलेजात शिकायचा विषय आहे का. आम्ही नेमकं काय शिकतो ते सांगते. जगभर लोकांना एकच प्रश्न विचारतात. समोर एक शिडी आहे असं समजा, तळाची पायरी शून्य, वरची दहा. तुम्हाला मिळू शकेल असं सगळ्यात चांगलं आयुष्य वर, सगळ्यात वाईट खाली. आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? एवढंच. कँट्रिल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची ही शिडी. या उत्तरांवरून देशांची यादी लागते. 2012 साली पहिला जागतिक आनंद अहवाल निघाला त्यात डेन्मार्क पहिला होता. 2018 पासून फिनलंड पहिला आहे, आणि यंदा डेन्मार्क दुसरा. इथलं सरासरी उत्तर साडेसातच्या आसपास येतं, आपलं साडेचारच्या आत. आपला नंबर 118 वा.

एवढं वाचून आल्यावर माझी कल्पना होती की रस्तोरस्ती हसरे चेहरे दिसतील. तसं काही नाही. ट्रेनमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. सकाळी डोक्यावर टोप्या ओढून, भिजत, मुकाट्यानं सायकली हाणत माणसं कामाला जातात. नोरेब्रो भागात जाणाऱ्या राणी लुईझच्या पुलावर मी बराच वेळ उभी राहिले. सायकलींचा नुसता लोंढा. पुढं लाकडी पेटी जोडलेल्या सायकलींत दोन-दोन पोरं बसलेली, शेजारून सुटाबुटातला माणूस, मागून साठीच्या बाई. गाडीवर इथं नोंदणी कर इतका भारी आहे की गाडी घेताना माणूस दहादा विचार करतो, आणि सायकलींसाठी वेगळे, मोटारींच्या रस्त्याहून जरा उंच रस्ते सगळीकडे आहेत. त्यामुळं साहेब आणि शिपाई एकाच पावसात भिजतात.

बाबा, आता तुमच्यासाठी. इथल्या मेट्रोला ड्रायव्हर नाही, पण मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं: स्टेशनात अडवणारं फाटकच नाही. सरळ चालत जायचं आणि गाडीत बसायचं. मधूनच तपासनीस चढतात, विनातिकीट सापडलात तर दंड सणसणीत. तुम्ही इतकी वर्षं भरगच्च एस.टी.त मागल्या सीटपर्यंत घुसून तिकिटं फाडलीत, तुम्ही पहिला प्रश्न फुकट्यांचाच विचारला असता, म्हणून मीही तोच विचारला. आमच्याबरोबरच्या इथल्या प्राध्यापक म्हणाल्या, "असतात की फुकटे. पण थोड्यांसाठी सगळ्यांना रोज कशाला अडवायचं?"

हा हिशेब इथं जागोजागी दिसतो. शहराबाहेर रस्त्याकडेला टेबलावर बटाटे, भोपळे मांडलेले असतात, राखायला कुणी नाही. पैसे डब्यात टाकायचे किंवा मोबाइलवरून पाठवायचे. बरीच वाचनालयं संध्याकाळी कर्मचाऱ्यांशिवाय उघडी असतात. आरोग्याच्या पिवळ्या कार्डानं दार उघडतं, पुस्तकं आपली आपण घ्यायची. पाकीट हरवलं तर परत मिळेल का, हाही प्रश्न यंदाच्या आनंद अहवालात होता. मिळेल, असा भरवसा असलेल्यांत आणि खरोखर परत मिळणाऱ्यांत हे उत्तरेकडचे देश अगदी वर आहेत.

हे लोक जन्मतःच सज्जन आहेत असं मला वाटत नाही. असा भरवसा टिकतो कशावर, ते परवा जेवणाच्या टेबलावर उमगलं. यजमानांची मुलगी एकोणीस वर्षांची आहे, यंदा विद्यापीठात गेली आणि वेगळी राहायला लागली. फी नाही. उलट सरकार तिला महिन्याला सुमारे सात हजार क्रोन देतं. (एक क्रोन म्हणजे साधारण तेरा-चौदा रुपये.) आजारी पडलं तर डॉक्टर आणि हॉस्पिटल यांचं बिल येत नाही, दातांचं आणि औषधांचं काही द्यावं लागतं तेवढंच. मी विचारलं, मग कर किती? सुतारकाका म्हणाले, पगाराचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जातो, आणि दुकानात जे घ्याल त्यावर पंचवीस टक्के. जीवावर येत नाही? ते म्हणाले, "माझी पाठ धरली तेव्हा ऑपरेशन झालं, पोरीचं शिक्षण चाललंय. मी काय देतो आणि काय घेतो ते मला दिसतं."

मला आजोबांची बायपास आठवली. आई, तू पाटल्या मोडल्यास, बाबा सोसायटीच्या कर्जासाठी हेलपाटे घालत होते, आणि हॉस्पिटलच्या खिडकीवरचा माणूस आधी पैसे भरा म्हणत होता. मी बारावीत होते. त्या रात्री आपल्यापैकी कुणालाही शिडीवर उभं केलं असतं तर आपण कुठल्या पायरीवर असतो? इथल्या माणसाच्या आयुष्यातही आजार येतो, मरण येतं, घटस्फोट तर भरपूर. पण दुखणं आलं म्हणून घर विकायची पाळी येत नाही. आपल्या घरात ज्या गोष्टींनी रात्र-रात्र झोप उडाली, त्यातल्या कितीतरी इथं माणसाच्या वाट्यालाच येत नाहीत. माझ्या मते साडेसातव्या पायरीचं मर्म यातच आहे. मेणबत्त्या, लोकरी मोजे आणि दालचिनीचे पाव छानच आहेत, पण ती वरची सजावट.

सगळंच गोड आहे असंही लिहिणार नाही. यजमानबाईंची आई चौऱ्याऐंशी वर्षांची, एकट्या राहतात. नगरपालिकेची मदतनीस रोज येते, अंघोळ घालते, मोजे चढवते, त्याचे पैसे पडत नाहीत. लेक रविवारी भेटते. आजी, मी त्यांना तुझा फोटो दाखवला, तू ओसरीवर लसूण सोलत बसलीयस तो. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला, मग विचारलं, "हिच्या घरी किती जण राहतात?" मदतनीस आपल्याकडेही यावी असं मला मनापासून वाटतं, म्हणजे आईच्या कमरेला जरा विसावा मिळेल. पण ओसरी मी द्यायची नाही.

आणखी एक गोष्ट फार लागली. नोरेब्रोत म्योल्नरपार्केन नावाची वसाहत आहे, बरेचसे रहिवासी मूळचे अरब देशांतले वगैरे. 2018 च्या कायद्यानं अशा वस्त्यांची सरकारी यादी करताना बेकारी, शिक्षण, गुन्हे यांच्याबरोबर रहिवासी 'बिगर-पाश्चिमात्य' किती, हाही निकष धरला, आणि त्यापायी तिथल्या कुटुंबांना राहती घरं सोडावी लागली. ज्या देशात भरवसा हीच पुंजी आहे, तिथं काहींना जन्मावरून वेगळं मोजायचं, हे मला पटलं नाही. वर्गात मी तसं उठून सांगितलं, आणि वर्गातल्या डॅनिश मुलांपैकी निम्मी माझ्या बाजूनं बोलली.

बाकी जेवणाची काळजी करू नका. वेस्टरब्रो भागात आब्सालोन नावाचं जुनं चर्च आहे, आता तिथं रोज संध्याकाळी सहाला सगळ्यांसाठी जेवण असतं. लांब टेबलं, ओळख ना पाळख अशी माणसं शेजारी. एकानं उठून सगळ्यांचं पातेलं आणायचं, वाढायचं, शेवटी ताटल्या गोळा करायच्या. गावच्या भंडाऱ्यातल्या पंगतीसारखंच, फक्त आग्रह नाही. ट्रेनमध्ये गप्प बसणारी हीच माणसं तिथं भरभरून बोलतात. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला सांगलीत हळद कशी विकतात ते खोदून खोदून विचारलं. बाबा, मार्केट यार्डातले सौदे, रुमालाखाली बोटं धरून दर ठरवायची जुनी पद्धत, सगळं सांगितलं.

आता तुमच्याकडं एक काम. मला प्रकल्पात घरच्या माणसांची उत्तरं हवी आहेत. वरच्या शिडीचा प्रश्न तुम्ही तिघांनी वेगवेगळा सोडवा, एकमेकांना विचारायचं नाही. आजी, बाबांना बाहेर बसवून तू आईच्या कानात सांग. आकडा आणि त्यामागचं एक कारण, एवढं कागदावर लिहून फोटो पाठवा. बाबा, तुम्ही "सगळं बरं चाललंय" असं लिहू नका, आकडा लिहा. शुक्रवारपर्यंत मिळालं तर बरं.

तुमची,
मनू