सोळा पेट्यांच्या बारा करणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. इंदूरच्या सियागंज बाजारातलं अरुंद दुकान आणि कानावर खोचलेली पेन्सिल, एवढ्यावरून ओळखणारे ओळखतील.

त्या दिवशी तुमच्यासमोर ठेकेदाराची चिठ्ठी ठेवली होती. खोली ११ बाय १३ फूट, टाइल १६ पेट्या. तुम्ही मुकाट्याने सोळा पेट्या काढून दिल्या असत्या तर कुणीही तुम्हाला बोल लावला नसता. पण तुम्ही एका रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडलात, कानावरची पेन्सिल काढलीत आणि गिऱ्हाइकं ताटकळत असताना त्यावर खोलीचा चौकोन आखलात.

पुठ्ठ्यावरचा तो हिशेब इथे मांडतो, म्हणजे तो इतरांच्याही कामी येईल. ‘दोन बाय दोन’ म्हणून विकली जाणारी टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना साडेनऊ मिलिमीटर कमी. त्यामुळे चार टाइलची पेटी सोळा नाही, साडेपंधरा चौरस फूट भरते. तीन मिलिमीटरची फट धरली तर १३ फुटांत सहा पूर्ण टाइल आणि एक तुकडा बसतो, ११ फुटांत पाच पूर्ण आणि एक तुकडा. सात गुणिले सहा, बेचाळीस टाइल. ठेकेदाराने स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावायच्या पट्टीच्या, टाइल वेगळ्या धरल्या होत्या. तुम्ही दाखवलंत की त्या धरायचं कारणच नाही. कडेच्या बारा टाइल कापल्यावर प्रत्येकीतून साधारण अडीचशे मिलिमीटर रुंदीचा तुकडा उरतो आणि त्यात चार इंची दोन पट्ट्या निघतात. पट्ट्या झाल्या चोवीस. दाराची जागा सोडून भिंतींची लांबी ४५ फूट, लागतात तेवीस. दोनपैकी एका पट्टीला कारखान्याची कड मिळते, ती वर ठेवायची. दुसरीची वरची कड मिस्त्रीकडून घासून घ्यायची, नाहीतर बोटाला कापते. कापलेल्या टाइलची रांग पलंगाच्या बाजूला न्यायची, दारासमोर आणायची नाही. फुटीला आणि पुढच्या दुरुस्तीला सहा टाइल धरून एकूण अठ्ठेचाळीस, म्हणजे बारा पेट्या.

मग तुम्ही चिठ्ठीतल्या १६ वर आडवी रेघ ओढून शेजारी १२ लिहिलंत. ६० रुपये चौरस फुटाचा माल धरला तरी त्या एका रेघेने तुमच्या गल्ल्यातले तीन हजार सातशे रुपये कमी झाले. ती रेघ ओढताना तुम्ही मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. काका, आभार मानायचे आहेत ते या रेघेचे.

कारण याआधीचा अनुभव अजून सलतो. ‘माल आमचा, मजुरी आमची’ म्हणून एकरकमी भाव घेणाऱ्याने कुठल्या वस्तूला किती लागले ते शेवटपर्यंत फोडून सांगितलं नाही. सिंकखाली साधी एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारी, प्लाय घातली, तिथे आयएस ७१० मानकाची बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारी, हवी होती. साधी प्लाय पाण्याने फुगते आणि तिचे पदर सुटतात. ओल्या भिंतीवर पुट्टी फिरवून रंग दिला, पहिल्याच पावसाळ्यात त्याचे पोपडे आले. ओल कुठून येते हे त्याने एकदाही विचारलं नाही. तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारलात. फूटभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि एक दिवस ठेवा. भिंतीच्या बाजूला थेंब आले तर पाणी आतून येतंय, खोलीच्या बाजूला आले तर हवेतल्या दमटपणाचं आहे. थेंब भिंतीच्या बाजूला आले आणि पलीकडच्या मोरीतल्या नहाणी ट्रॅपचा, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधा गळत असल्याचं सापडलं. तो दुरुस्त करून भिंत सुकू दिल्यावरच रंगाचा डबा आणा, असं तुम्ही बजावलंत. शेड कालवलेला रंग परत घेत नाहीत, हेही.

पैसे कुठे वाचवायचे नाहीत, हे तर तुम्ही जास्तच ठासून सांगितलंत. वायर, एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) आणि वॉटरप्रूफिंग. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, सॉकेटला अडीचची, एसी आणि गीझरला चारची. ९० मीटरच्या बंडलवर मीटरचे आकडे छापलेले असतात, दोन्ही टोकं वाचून घ्यायची. सिमेंट लागेल त्या आठवड्यातच आणायचं, पोत्यावरचा भरल्याचा आठवडा पाहून, कारण तीन महिने पडून राहिलेल्या पोत्याची ताकद बरीच उतरते. आणि भंगारात निघालेली सागवानी चौकट! पेचकस टोचून वाळवी नाही याची खात्री केलीत आणि घासून पुन्हा तीच बसवायला लावलीत. तसं लाकूड आज विकत घ्यायचं म्हटलं तर छाती दडपते.

पंखे, गीझर तुम्ही विकत नाही, तरी विजेच्या सामानाच्या बाजारात, महाराणी रोडला, जाण्याआधी काय पाहायचं ते सांगितलंत. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, साधारण ३० वॉट. रोज बारा तास चालला तर दिवसाला अर्ध्या युनिटहून जास्त वाचतं, म्हणून जो पंखा सर्वांत जास्त फिरतो तो आधी बदलायचा, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्यायचा. बोअरचं पाणी असेल तर गीझरचा ॲनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणारी आतली दांडी, वेळच्या वेळी बदलायचा, नाहीतर टाकी आतून गंजते. वीजबचतीच्या स्टार लेबलवर कालावधी छापलेला असतो, जुन्या कालावधीचे पाच तारे नव्या पाचांच्या बरोबरीचे असतीलच असं नाही. सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या कोटेशनवर सही करायची नाही. बिल पक्कं घ्यायचं आणि त्यावरचा सीरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहायचा.

इंदूरच्या बाजारात स्वस्त विकणारे पुष्कळ भेटतात. तुम्हाला एवढं घ्यायची गरज नाही, असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणारा दुकानदार विरळा. असं सांगायला वेगळी सचोटी लागते. ती पाहिली की दिवसभराचा शीण उतरतो.

काम संपलं, काका. तीन टाइल फुटल्या, तीन उरल्या. उरलेल्या तिन्ही तुमच्या त्याच पुठ्ठ्यात गुंडाळून कपाटामागे उभ्या ठेवल्या आहेत. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला, तुम्ही सांगितल्याप्रमाणे, टाइलचा शेड नंबर लिहून ठेवला आहे.