हॅश काढली म्हणजे फाइल सुरक्षित झाली, असे नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शहर पानावर अलीकडे मारहाणीच्या एका प्रकरणातील सीसीटीव्ही चित्रणाची बातमी आली होती. 'चित्रण हॅश करून सुरक्षित ठेवण्यात आले' असे तिच्यात म्हटले होते. सोलापुरात न्यायालयाच्या आसपास अर्ज, प्रतिज्ञापत्रे टंकून देण्याचा माझा व्यवसाय आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ रोजी लागू झाला, तेव्हापासून त्याच्या कलम ६३ चा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचा दाखला टंकताना 'हॅश व्हॅल्यू' ही ओळ आली की पक्षकार विचारतात, "म्हणजे आमची फाइल आता लॉक झाली ना?" बातमीदाराचा आणि पक्षकाराचा समज एकच दिसतो, आणि तो महागात पडू शकतो. म्हणून हे पत्र.

हॅश काढल्याने फाइलला काहीही होत नाही. ती पूर्वीसारखीच उघडते, बदलता येते, पुसताही येते. हॅश म्हणजे त्या फाइलवरून हिशेब करून काढलेली एक संख्या, एवढेच. एसएचए-२५६ पद्धतीने काढली तर ती कायम ६४ चिन्हांची येते: ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे. एका ओळीचा अर्ज असो की दोन तासांचे चित्रण, उत्तर तेवढ्याच लांबीचे.

हिशेब असा चालतो. संगणकाच्या लेखी प्रत्येक फाइल ही शून्य आणि एक यांची, म्हणजे बिटांची, लांब ओळ असते. त्या ओळीचे ५१२-५१२ बिटांचे तुकडे पाडतात. शेवटी नेहमीच भर घालून अखेरचा तुकडा पुरा करतात आणि त्यातच मूळ फाइलची लांबी नोंदवतात. सुरुवातीला ठरावीक आठ संख्या घेतलेल्या असतात. पहिला तुकडा त्यांच्यात ६४ फेऱ्यांत मिसळला जातो. प्रत्येक फेरीत बेरीज होते, बिट गोल फिरवले जातात, एकमेकांशी ताडून पलटवले जातात. त्यातून तयार झालेल्या आठ नव्या संख्यांमध्ये दुसरा तुकडा, मग तिसरा, असे शेवटपर्यंत. अखेर हाती उरलेल्या आठ संख्या एकापुढे एक लिहिल्या की झाली हॅश. यात कुठेही गुप्त किल्ली नाही. सुरुवातीच्या त्या आठ संख्यासुद्धा पहिल्या आठ मूळसंख्यांच्या वर्गमुळांच्या अपूर्णांकांतून घेतलेल्या आहेत, कोणीही पडताळून पाहावे. न्यायालयात ही पद्धत चालते त्याचे हेही एक कारण आहे: विरुद्ध बाजूचा वकील आपल्या संगणकावर तोच हिशेब करून तेच उत्तर काढू शकतो.

आपल्याकडे जकार्ड मागावर नक्षी ठरवणाऱ्या भोकांच्या कार्डात एक भोक चुकले तर चादरीच्या नक्षीत तेवढ्याच जागी चूक दिसते आणि जाणता कारागीर ती पाहून चुकलेले कार्ड शोधून काढतो. हॅशची रचना मुद्दाम याच्या उलट केली आहे. दोन तासांच्या चित्रणातला एक बिट जरी बदलला तरी हॅशच्या २५६ बिटांपैकी साधारण निम्मे पलटतात. दोन हॅश शेजारी ठेवून बदल कुठे झाला, केवढा झाला, काहीच कळत नाही. बदल झाला, एवढेच कळते. हॅशवरून मूळ फाइलही परत मिळत नाही. काही जीबींची फाइल ३२ बाइटांत (म्हणजे त्याच २५६ बिटांत) उतरवताना बहुतेक माहिती सांडून गेलेली असते. (मूळ गोष्टच लहान असेल तर मात्र सावध. दहा अंकी मोबाइल क्रमांकाची नुसती हॅश काढून तो 'गुप्त' केला असे कोणी सांगितले, तर सगळे संभाव्य क्रमांक हॅश करून पाहायला आजच्या संगणकाला फार वेळ लागत नाही.)

दोन वेगळ्या फाइलींची हॅश एकच येऊ शकते का? येऊ शकते. फाइली अगणित आणि एसएचए-२५६ च्या संभाव्य हॅश मर्यादित, जरी ती संख्या ७८ अंकी असली तरी. पण अशी जोडी आजवर कोणाला सापडलेली नाही. जुन्या पद्धतींचे तसे राहिलेले नाही. एमडी५ मध्ये अशी जोडी चिनी संशोधक शाओयुन वांग व सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवली. एसएचए-१ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने २०१७ साली एकाच हॅशच्या दोन वेगळ्या पीडीएफ तयार करून दाखवल्या. तरीही साक्ष्य अधिनियमाच्या (कायदा २०२३ चा) परिशिष्टातील दाखल्यात एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी५ अशा तिन्हींना चौकटी आहेत! म्हणून एमडी५ वरचे जुने अहवाल रद्दी झाले, असे मात्र नाही. स्वतः बसून एकाच हॅशच्या दोन फाइली घडवणे वेगळे आणि दुसऱ्याच्या तयार फाइलशी हॅश जुळणारी खोटी फाइल बनवणे वेगळे. हे दुसरे काम एमडी५ बाबतही अजून कोणी प्रत्यक्षात करून दाखवलेले नाही. पण फाइल मुळात बनवणाऱ्यावरच संशय असेल, तर एमडी५ वर भिस्त ठेवू नये. पर्याय हाती असताना एसएचए-२५६ चीच चौकट भरावी.

आता खरा मुद्दा. हॅश फक्त एवढेच सांगते की आजची फाइल आणि हॅश काढली त्या क्षणाची फाइल एकच आहे. त्या क्षणाआधी कोणी कापाकापी केली असेल, तर हॅश त्या कापलेल्या फाइलचीच ग्वाही देईल, तीही निष्ठेने. म्हणजे सगळा भार हॅश कधी काढली आणि कुठे लिहिली यावर आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मुळे झडती-जप्तीचे चित्रीकरण आता करावे लागते, तेव्हा ही गोष्ट गल्लीतल्या साध्या प्रकरणापर्यंत आली आहे. डीव्हीआरमधून (सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारे यंत्र) पेन ड्राइव्हवर प्रत घेतली की त्याच बैठकीत, पंचांसमोर हॅश काढून पंचनाम्यात यावी. हॅश आणि फाइल एकाच पेन ड्राइव्हवर ठेवून उपयोग नाही. फाइल बदलणारा हॅशही बदलेल. ६४ चिन्हे हाताने उतरवताना चूक होतेच, म्हणून छापील अहवाल जोडावा. दाखल्याच्या नमुन्यातही तो जोडायला सांगितला आहे.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. हॅश जुळली नाही म्हणून लगेच 'पुराव्यात छेडछाड' असा मथळा करू नये. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेले चित्रण दाबून लहान केले जाते. डोळ्यांना तेच दिसते, हॅश निराळी येते. डीव्हीआरची फाइल दुसऱ्या स्वरूपात बदलून घेतली तरी तेच. फाइलचे नुसते नाव बदलले तर मात्र हॅश बदलत नाही. आपल्याकडे आलेली प्रत कोणालाही घरी तपासता येते: विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा असतेच, वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको.

आपल्या बातमीदारांना विनंती, की अशा बातमीत हॅश कोणत्या पद्धतीने, कधी आणि कोणासमोर काढली, एवढे विचारून छापावे.

कळावे.
आपला,
एक वाचक, सोलापूर